आज येणे होणार नाही

शास्त्रपाठ : नहेम्या २:१–८, उत्पत्ति ५०:४–१४, १ शमुवेल ३०:११–१५



आमचे राजेगाव बाघ नदीच्या काठी, गोंदिया–बालाघाट रस्त्यावर आहे. नदीच्या अलीकडे मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा, पलीकडे महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा एका नदीचे दोन तीर दोन राज्यांत गेले. परंतु माणसांनी नदी ओलांडणे काही सोडले नाही. सोयरीक पलीकडे, दवाखाना पलीकडे, आणि पुष्कळांची भाकरीही पलीकडे. सकाळी डबा घेऊन पूल ओलांडावयाचा आणि दिवेलागणीला परत यावयाचे, हा कित्येक घरांचा नित्यक्रम आहे.

ह्या दोन तीरांवर एक मौज आहे. कामावर न जाण्याची परवानगी मागावयाची असली म्हणजे अलीकडच्या तीरावर सरकारी कागदात ‘अवकाश’ मागतात आणि पलीकडच्या तीरावर ‘रजा’ मागतात. आपल्या मराठीत अवकाश म्हणजे मोकळी जागा. रजा हा शब्द मूळचा अरबी; त्याचा अर्थ संमती, राजीखुशी. दोन्ही अर्थ एकत्र ठेवले तर आजचा विषय समोर येतो. माणूस कामावर गेला नाही म्हणजे एक जागा मोकळी राहते. आणि ती जागा मोकळी ठेवण्यास समोरच्याची राजीखुशी असावी लागते. ती न घेता माणूस घरी राहिला तर आपल्या भाषेने त्याला दुसरे दोन शब्द ठेवले आहेत. मजुराचा तो ‘खाडा’ आणि बाबूची ती ‘दांडी’.

कोणी म्हणेल, व्यासपीठावरून बोलण्यासारखा हा विषय आहे काय? तारण, पश्चात्ताप, प्रार्थना हे विषय सोडून रजेच्या चिठ्ठीवर उपदेश कशाला? प्रियजनहो, आम्हांला असे वाटते की विश्वासी माणसाच्या खरेपणाची परीक्षा मोठ्या प्रसंगी क्वचितच होते. न्यायालयात शपथेवर खोटे बोलण्याचा विचार ज्याच्या स्वप्नातही येणार नाही, तोच बंधू सोमवारी सकाळी सहज सांगून टाकतो की रात्रीपासून पोट बिघडले आहे. ज्या भगिनीने एका पैशाचीही अफरातफर केली नाही, ती एखाद्या लग्नासाठी आपल्या दूरच्या आत्याला आजारी पाडते. ह्याला आपण खोटे म्हणतच नाही. ‘कारण सांगणे’ म्हणतो. म्हणून ह्या लहान दारातून केवढे मोठे पाप आत येते, हे आपण आज पाहू या. आणि दुसऱ्यांचे सांगण्यापूर्वी आमचे सांगतो.

आमची कबुली

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही नदीपलीकडे एका भात गिरणीत लिहिण्याच्या कामाला होतो. धानाची आवक नोंदवावयाची आणि काट्यावरची चिठ्ठी तयार करावयाची, हे आमचे काम. आमच्या शेजारच्या टेबलावर एक वयस्क गृहस्थ बसत. सगळे त्यांना काका म्हणत. कापणीनंतरचे दिवस होते. गाड्यांची रांग दारापासून रस्त्यापर्यंत लागलेली असे. अशा दिवसांत रजा मिळणार नाही हे आम्हांला ठाऊक होते, आणि बालाघाटला एका मित्राचे लग्न होते. आम्ही सकाळी टेलिफोन बूथवरून गिरणीत कळविले की अंगात ताप आहे, येणे होणार नाही. आणि नवे कपडे घालून बालाघाटची बस धरली.

त्या दिवशी काकांनी आपले आणि आमचे अशी दोन्ही कामे केली. डबा उघडावयासही त्यांना वेळ मिळाला नाही, असे पुढे इतरांकडून कळले. संध्याकाळी गिरणी बंद झाल्यावर ते घरी गेले नाहीत. बाजारातून मोसंबी घेतली, तापाच्या गोळ्या घेतल्या, बस धरली आणि पूल ओलांडून राजेगावी आमच्या दारात आले. दार आईने उघडले. तिला काहीच ठाऊक नव्हते. काकांनी विचारपूस केली तेव्हा ती सरळ म्हणाली, “तो तर सकाळीच बालाघाटला लग्नाला गेला, दादा.”

काका थोडा वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, “असू दे बाई. गिरणीच्या एका कागदाचे विचारायचे होते, उद्या विचारीन.” पाणी प्याले, मोसंबीची पिशवी उंबरठ्याच्या आत ठेवली आणि परतीच्या बसची वाट पाहावयास रस्त्यावर गेले.

रात्री आम्ही परत आलो तेव्हा ती पिशवी तेथेच होती. आईने काही विचारले नाही. तिला सर्व समजले होते. त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. आम्ही मालकाशी खोटे बोललो, एवढेच असते तर कदाचित आली असती. परंतु आमच्यामुळे एक भला माणूस आमच्या आईशी खोटे बोलला. त्याला कागदाचे काही विचारावयाचे नव्हते. आमची लाज झाकण्यासाठी त्याने आपली जीभ मळवून घेतली.

दुसऱ्या दिवशी काकांनी एवढेच विचारले, “मोसंबी खाल्लीस का रे?” आम्ही त्यांच्यापुढे सर्व कबूल केले. ते म्हणाले, “मला काय सांगतोस? ज्याचा पगार घेतोस त्याला सांग.” हे सांगण्यास आम्हांला आठ दिवस लागले. मालकांनी ऐकून घेतले आणि दोन दिवसांचा पगार कापला. एक खाड्याचा आणि एक खोट्याचा. तो दंड आम्हांला मुळीच जड गेला नाही. ह्या गोष्टीचा शेवट अजून बाकी आहे. तो शेवटी सांगू.

खोट्या कारणाचा भाला कोणावर येतो?

पहिल्या शमुवेलाच्या विसाव्या अध्यायात रिकाम्या जागेची एक गोष्ट आहे. अमावास्येच्या सणात शौल राजाच्या पंक्तीस दावीदाची जागा रिकामी राहिली. पहिल्या दिवशी शौल काही बोलला नाही. काही विटाळ झाला असेल असे त्याने मनाशी धरले. दुसऱ्या दिवशीही जागा रिकामी दिसली तेव्हा त्याने विचारले. उत्तर योनाथानाने दिले : घरच्या यज्ञासाठी तो माझ्या परवानगीने बेथलेहेमास गेला आहे. हे कारण आधीच ठरवून ठेवलेले होते. शौल संतापला आणि त्याने आपल्या मुलावरच भाला उगारला.

दावीदाचा जीव धोक्यात होता. आम्ही त्याचा न्याय करीत नाही. तो अधिकार आमचा नाही. परंतु एक गोष्ट डोळ्यांत भरते. कारण सांगावयास लावले दावीदाने, आणि भाला आला योनाथानावर. खोट्या कारणाचे असेच असते. ते कधी एकटे चालत नाही. त्याला साक्षीदार लागतात. घरी फोन आला तर पत्नीने काय सांगावयाचे, मुलाने काय सांगावयाचे, शेजाऱ्याने काय सांगावयाचे, हे सर्व पढवून ठेवावे लागते. ज्या मुलाला आपण रविवारी शब्बाथशाळेत दहा आज्ञा पाठ करावयास पाठवितो, त्यालाच सोमवारी फोन देऊन “बाबा झोपले आहेत म्हणून सांग” असे शिकवितो. मग कोणता धडा त्याच्या मनात राहील? जो पाठ केला तो, की जो पाहिला तो?

नहेम्याने रजा कशी मागितली

आम्ही पदविकेसाठी शास्त्र शिकत होतो तेव्हा नहेम्याचे पुस्तक यरुशलेमेच्या तटासाठी वाचले. ते एका नोकरमाणसाचे पुस्तक आहे, हे पुष्कळ उशिरा लक्षात आले. नहेम्या हा शूशन राजवाड्यात अर्तहशश्त राजाचा प्यालेबरदार होता. राजाच्या हाती द्राक्षारस देणारा माणूस हा राजाच्या अत्यंत विश्वासाचा. तो गैरहजर असणे ही साधी गोष्ट नव्हती. यरुशलेमेचा तट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत, ही बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली. त्याने राजापुढे गोष्ट काढली ती निसान महिन्यात. मध्ये चार महिने गेले. ह्या चार महिन्यांत त्याने उपास केला, प्रार्थना केली, आणि कामही केले. बातमी कळताच दुसऱ्या दिवशी तो नाहीसा झाला नाही.

मग राजाने त्याचा उतरलेला चेहरा पाहून विचारले, तेव्हा त्याने काय केले ते पाहा.

त्याने खरे कारण सांगितले. राजासमोर तोंड पडलेले असणे धोक्याचे होते, आणि त्याला फार भय वाटले असे तो स्वतःच लिहितो. “काही नाही महाराज, थोडी कणकण आहे” असे म्हणून तो सुटू शकला असता. त्याने तसे केले नाही. परंतु आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. जेवढे सांगणे अवश्य होते तेवढेच त्याने सांगितले. आपल्या पूर्वजांच्या कबरा जेथे आहेत ते नगर उजाड पडले आहे, एवढे त्याने सांगितले. खरे बोलणे म्हणजे घरातील सर्व भांडी रस्त्यावर मांडणे नव्हे. एखाद्या भगिनीला आपल्या दुखण्याचे नाव पुरुष मुकादमाला सांगण्याचा संकोच असेल, तर “प्रकृती बरी नाही, आज काम होणार नाही” एवढे सांगणे पुरे आहे, आणि ते खरे आहे. एखाद्या घरात कलह झाला असेल, तर “घरी अडचण आहे” हेही खरे आहे. न सांगणे आणि खोटे सांगणे ह्यांत नदीएवढे अंतर आहे. प्रभूने डोंगरावर शिकविले की आपल्या होकाराला आणि नकाराला शपथेचा टेकू लागू नये (मत्तय ५:३७). ज्याला खरे सांगावयाचे आहे त्याला लांबलचक कारण लागत नाही. आमचा अनुभव असा की कारण जितके खोटे तितके ते लांब असते.

त्याने परत येण्याची वेळ सांगितली. राणी शेजारी बसली असता राजाने दोन गोष्टी विचारल्या : प्रवासाला किती दिवस लागतील आणि तू परत कधी येशील. नहेम्याने मुदत ठरवून दिली, आणि मग राजाने त्याला जाऊ दिले. आजही जो मालक किंवा साहेब शहाणा आहे तो हेच दोन प्रश्न विचारतो. आपण बहुतेक वेळा “आज येत नाही” एवढेच कळवितो आणि उद्याचे त्याच्या नशिबावर सोडतो. ताप आज आहे, उद्या उतरेल की नाही हे कोण सांगू शकेल? ते सांगता येत नसेल तर “उद्या सायंकाळपर्यंत कळवितो” असे सांगता येते, आणि मग सायंकाळी खरोखर कळविता येते. पुढे नहेम्या यरुशलेमेत बारा वर्षे अधिकारी राहिला, राजाकडे परत गेला, आणि काही काळाने पुन्हा राजाची परवानगी घेऊनच यरुशलेमेस आला (नहेम्या १३:६). पहिल्या वेळी शब्द पाळला म्हणून दुसऱ्या वेळी मागण्यास तोंड राहिले.

योसेफाचेही असेच. बाप वारला तेव्हा तो मिसर देशात फारोच्या खालोखाल होता. कोणाला विचारण्याची त्याला काय गरज होती? तरी त्याने विचारले. स्वतः न जाता फारोच्या घरच्या मंडळींकडून त्याने निरोप धाडला. काय कारण आहे, कोठे जावयाचे आहे, आणि परत येईन, ह्या तिन्ही गोष्टी त्या निरोपात होत्या. आणि बापाला पुरल्यावर तो परत मिसर देशात आला, असे शास्त्र सांगते (उत्पत्ति ५०:१४). दुःख एवढे मोठे असूनही ते त्याला निरोपातून सुटका देणारे वाटले नाही. आणि स्वतःला जाता आले नाही तर दुसऱ्याकरवी निरोप पाठविणे त्याला कमीपणाचे वाटले नाही. आजारी माणसाच्या वतीने पत्नीने किंवा भावाने फोन केला तर त्यात काही वावगे नाही. मात्र आपण धडधाकट असताना, साहेबाचा स्वर ऐकण्याची भीती वाटते म्हणून दुसऱ्याला पुढे करणे ही भित्रेपणाची गोष्ट आहे.

वेळेवर कळविणे ही प्रीती आहे

आमच्या भागात रोवणीचे काम बायांच्या टोळीने चालते. बांधीत चिखल तयार असतो, पऱ्हे उपटून जुड्या बांधून ठेवलेल्या असतात. उपटलेले पऱ्हे फार थांबत नाहीत. टोळीतील एक बाई सकाळी आलीच नाही, तर तिची ओळ बाकीच्यांना लावावी लागते. कंबर त्यांची मोडते. तिने आदल्या सायंकाळी शेजारणीच्या दारात जाऊन सांगितले असते तर कोणाची सून, कोणाची बहीण तिच्या जागी आणता आली असती. खाडा तोच, मजुरी बुडावयाची तीही तीच. परंतु सायंकाळी सांगितले तर ती एकीची अडचण राहते, आणि सकाळी न सांगता राहिले तर ती दहाजणींची शिक्षा होते.

बालाघाटजवळ भरवेलीला मँगनीजची खोल खाण आहे. जमिनीखालच्या खाणीत कोण उतरला आणि कोण वर आला ह्याची नोंद ठेवावी लागते. ती का ठेवतात? पगारासाठी तर आहेच. परंतु खाली काही विपरीत घडले तर किती जणांना शोधावयाचे आहे, हे त्या नोंदीवरून कळते. आता विचार करा. एखाद्याने मित्राला सांगून खोटी हजेरी लावून घेतली आणि स्वतः घरी झोपून राहिला, आणि त्याच दिवशी खाली अपघात झाला, तर जो माणूस खाली नाहीच त्याच्यासाठी दुसरी माणसे आपला जीव घेऊन आत उतरतील. हजेरीपटावरचे आपले नाव हे केवळ आपले नसते. त्यावर दुसऱ्याचे श्रम आणि कधी कधी दुसऱ्याचा प्राण अवलंबून असतो.

म्हणून, वाचकहो, पुढील गोष्टी आपण आपल्या घरात नियम म्हणून ठेवाव्या असे आम्ही सुचवितो. येणे होणार नाही असे कळताच सांगावे. काम सुरू होण्याच्या आधी सांगावे. ज्याला सांगावयाचे त्यालाच सांगावे, दारावरच्या पोऱ्याला नव्हे. आता सर्वांच्या हाती मोबाईल आहे. परंतु व्हॉट्सअ‍ॅपवर दोन शब्द टाकून फोन बंद करून ठेवणे म्हणजे कळविणे नव्हे. समोरच्याने वाचले की नाही हे पाहणे हाही निरोपाचाच भाग आहे. हातातले काम कोठवर आले, किल्ली कोठे आहे, कोणती गोष्ट आजच झाली पाहिजे, हे एका वाक्यात सांगावे. कामावर परत गेल्यावर ज्याने आपला भार उचलला त्याचे आभार मानावे, आणि त्याच्यावर वेळ येईल तेव्हा आपण उचलावा. डॉक्टरचा दाखला लागत असेल तर खऱ्या आजाराचाच आणावा. पैसे देऊन घेतलेला दाखला म्हणजे दोन माणसांनी मिळून केलेले पाप आहे.

आणि हेही सांगितले पाहिजे की आजारी असताना कामावर जाणे हा नेहमीच सद्गुण नसतो. खोकला, डोळे येणे, कांजिण्या असे पसरणारे दुखणे घेऊन वर्गात, स्वयंपाकघरात किंवा दवाखान्यात जाणे म्हणजे दहाजणांच्या घरी आजार पोहोचविणे होय. २०२० सालच्या महामारीने सर्व जगाला हे शिकविले की काही वेळा घरी राहणे हीच शेजाऱ्याची सेवा असते. एपफ्रदीताचे उदाहरण पाहा. तो पौलाच्या सेवेत असता मरणाच्या दाराशी जाऊन आला. पौलाने त्याला आळशी म्हटले नाही. त्याला घरी धाडले, आणि त्याचा सन्मान करा असे फिलिप्पैच्या मंडळीला लिहिले (फिलिप्पै. २:२५–३०). प्रभूच्या कामातही आजारपणाची रजा आहे!

मालकांसाठी एक शब्द

येथपर्यंत आम्ही नोकरांशी बोललो. परंतु पौलाने दासांना आज्ञा केल्यावर लगेच धन्यांनाही आज्ञा केली की तुमचाही एक धनी स्वर्गात आहे (कलस्सै. ४:१). आपल्या मंडळीत दुकान चालविणारे आहेत, शेत मजुरांकडून करून घेणारे आहेत, आणि घरात धुण्याभांड्यांना बाई ठेवणारे तर पुष्कळ आहेत.

पहिल्या शमुवेलाच्या तिसाव्या अध्यायात एका मिसरी तरुणाची गोष्ट आहे. तो एका अमालेकी माणसाचा दास होता. तीन दिवसांपूर्वी तो आजारी पडला आणि त्याचा धनी त्याला रानात टाकून पुढे निघून गेला. दावीदाच्या माणसांना तो सापडला तेव्हा तीन दिवस आणि तीन रात्री त्याच्या पोटात अन्न नव्हते, पाणी नव्हते. दावीदाने आधी त्याला खाऊ घातले आणि मग प्रश्न विचारले. हे सर्व शास्त्रात लिहून ठेवले आहे ते उगीच नाही. आणि ह्याच्या समोर कफर्णहूमचा शताधिपती ठेवा, जो आपल्या आजारी चाकरासाठी प्रभूकडे मध्यस्थ पाठवितो (लूक ७:१–१०). आजारी नोकराशी वागण्याचे हे दोन मार्ग आहेत. आपला कोणता?

आम्ही पाहिले आहे की नोकर खोटे बोलतो त्याला पुष्कळदा मालकच कारण असतो. “मुलाच्या शाळेत बोलाविले आहे” असे खरे सांगणाऱ्या बाईला आपण रागे भरतो आणि “अंगात ताप आहे” म्हणणारीला सोडतो. मग पुढच्या वेळी तिला ताप न येईल तर काय होईल? जो धनी खऱ्या कारणाला मान देत नाही तो खोट्या कारणाला जन्म देतो.

आपल्या इतिहासात ह्याचे एक चांगले उदाहरण आहे. जमशेटजी टाटा यांनी नागपूरला एम्प्रेस मिल काढली. ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. मजूर नियमाने येत नसत, ही तेथली मोठी अडचण होती. दंड हा सोपा उपाय होता. जमशेटजी आणि त्यांचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांनी मजुरांचे हित पाहण्याचा मार्ग धरला. १८८६ साली निवृत्तीवेतनाचा निधी सुरू झाला, आणि १८९५ साली कामावर अपघात झालेल्यांना भरपाई देण्याची सोय झाली. ती गिरणी आता बंद पडली आहे, परंतु धडा बंद पडलेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत तर मजुरांना आठवड्याची हक्काची सुट्टीही नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली, तेव्हा १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. ज्याला विसाव्याचा दिवसच नाही त्याने खाडा केला, तर दोष त्याचा किती आणि विसावा न देणाऱ्याचा किती? देवाने शब्बाथाची आज्ञा दिली तेव्हा दास आणि दासी यांनाही विसावा मिळावा असे स्पष्ट सांगितले (अनुवाद ५:१४).

१९४८ साली आपल्या देशात कर्मचारी राज्य विम्याचा कायदा झाला आणि कारखान्यातील कामगाराला आजारपणात वेतनाचा काही भाग मिळण्याची सोय झाली. परंतु रोवणी करणारी बाई आणि भांडी घासणारी मावशी यांच्या आजारपणाचा पगार कोणत्याही कायद्याच्या पुस्तकातून येत नाही. तो मालकाच्या अंतःकरणातून येईल तरच येतो. ताप असूनही जी थंड पाण्यात हात घालते, ती कामाच्या प्रीतीने येत नाही. एका खाड्याने संध्याकाळची भाजी जाते म्हणून येते. ख्रिस्ती घरांनी एवढे तरी ठरवावे : महिन्यातून ठराविक दिवस तिचा पगार कापावयाचा नाही, आणि तिने खरे कारण सांगितले तर कपाळाला आठी घालावयाची नाही.

मंडळीतील रिकामी जागा

प्रभूच्या घरच्या कामाचेही थोडे बोलू. शब्बाथशाळेचा शिक्षक न सांगता येत नाही आणि वीस मुले जाजमावर बसून वाट पाहतात. शास्त्रपाठ वाचावयाचा असलेला बंधू येत नाही आणि पाळकांना ऐन उपासनेत इकडेतिकडे पाहावे लागते. “ही काय पगाराची नोकरी आहे?” असे आपण म्हणतो. नाही, पगाराची नाही. म्हणूनच तर येथे निरोप अधिक अवश्य आहे. पगार कापला जाईल म्हणून साहेबाला कळवावयाचे, आणि पगार नाही म्हणून प्रभूला कळवावयाचे नाही, असे असेल तर आपण कोणाचे दास ठरलो?

प्रभूने मोठ्या जेवणाचा दाखला सांगितला (लूक १४:१५–२४). आमंत्रितांपैकी एकाने शेत घेतले होते, दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या, तिसऱ्याचे लग्न झाले होते. त्यांनी निरोप पाठविला, बोलणेही गोड होते. परंतु येण्याचे मनच नव्हते. म्हणून नुसता निरोप पाठविणे म्हणजे जबाबदारी नव्हे. वेळेवर कळविले, गोड बोलून कळविले, तरी मूळ कारण मनाचा नकार असेल तर तो देव पाहतो.

गोष्टीचा शेवट

आमची गोष्ट अर्धी राहिली होती. मालकांपुढे कबुली दिल्यानंतर सुमारे आठ महिन्यांनी एका रात्री आईची प्रकृती एकाएकी बिघडली. तिला गोंदियाला दवाखान्यात नेले. पहाटे आम्ही मालकांना फोन केला. मनात धाकधूक होती. एकदा तापाचे सोंग केलेल्या माणसाची आई खरोखर आजारी आहे, हे कोण मानणार? आम्ही एवढेच म्हणालो, “आई दवाखान्यात आहे. आज येणे होणार नाही.” पलीकडून क्षणाचाही विलंब न लागता आवाज आला, “तू आईजवळ राहा. इकडचे आम्ही पाहतो.” आम्ही चार दिवसांची मुदत सांगितली. ते म्हणाले, “तारीख मागितली नाही मी.” तरी आम्ही ती सांगितली.

त्या चार दिवसांत काकांनी पुन्हा आमचे काम केले. रोज सायंकाळी ते दवाखान्यात येत. येताना मोसंबी आणीत, आणि आईच्या उशाशी बसून ती स्वतः सोलून देत. चौथ्या दिवशी आई देवाघरी गेली. पुरण्याच्या वेळी मालक आले, काका आले, आणि कोणी आम्हांला कामाचे विचारले नाही. आम्ही मात्र काकांना परत येण्याचा नवा दिवस सांगितला, आणि त्या दिवशी कामावर गेलो.

ते आठ दिवसांच्या लाजेनंतर सांगितलेले एक खरे वाक्य आम्ही त्या वेळी गिळून टाकले असते, तर त्या पहाटे आमच्या शब्दाला काय किंमत राहिली असती? आईजवळचे ते चार दिवस आम्हांला त्या कबुलीने मिळाले, असे आम्ही आजही मानतो. खरेपणा म्हणजे गाठीला बांधलेला पैसा; कोणत्या रात्री तो लागेल हे कोणाला ठाऊक?

आणि प्रियजनहो, एक दिवस असा येईल की आपणा सर्वांचीच कामावरची जागा रिकामी होईल. त्या दिवसाचा निरोप आपल्याला पाठविता येणार नाही. तेव्हा आपल्या जागेकडे पाहून सोबत्यांनी म्हणावे की, हा माणूस होता तेव्हा खरा होता, आणि नव्हता तेव्हाही खरा होता.

प्रार्थना : हे देवबापा, आमच्या लहान निरोपांतही तू ऐकत असतोस हे आम्हांला विसरू देऊ नको. भीतीने आणि सोयीने आम्ही जे खोटे बोललो त्याची आम्हांला क्षमा कर, आणि ज्यांना आम्ही आमच्या खोट्यात ओढले त्यांचीही समजूत घालण्याचे धैर्य दे. जे आज आजारी असून मजुरी बुडेल म्हणून उठून कामाला गेले आहेत त्यांना सांभाळ, आणि त्यांच्या धन्यांची मने मऊ कर. येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.